पहिले पाच घास

तेहतीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या. भूमापक म्हणून खात्यात लागलो तेव्हा हातात साखळी होती, मग तिपाईवरचं यंत्र आलं, आणि शेवटी ड्रोन आले तेव्हा आम्हाला धरायला फक्त छत्री उरली. एवढ्या वर्षांत घरात मी काही मोजलं असेल तर भाकऱ्या, त्याही ताटात पडल्यावर. स्वयंपाकाशी माझं वाकडं नव्हतं, ओळखच नव्हती.

ओळख नसायला कारण होतं. माझी बायको छाया. कराडच्या विद्यानगरात तिची खानावळ होती, इंजिनियरिंगच्या पोरांची. एकोणतीस वर्षं, दोन्ही वेळेला साठ-सत्तर ताटं. एवढ्या वर्षांत तिनं पातेल्यातलं चमच्यानं कधी चाखून पाहिलं नाही. सत्तर जणांच्या आमटीत उष्टा चमचा? ते तिला मान्यच नव्हतं. झाकण उचलायची, वाफ नाकात घ्यायची आणि म्हणायची, "चिमूटभर मीठ अजून." ते बरोबर असायचं. दुसरा नियम तितकाच पक्का होता: शेवटचं पोर हात धुऊन उठल्याशिवाय ती ताटावर बसायची नाही. खानावळ बंद झाली, पोरं पांगली, तरी नियम राहिला. मी जेवून उठायचो, मग ती बसायची.

दोन हजार त्रेचाळीसच्या जानेवारीत तो ताप आला. आमच्या गल्लीत अकरा जणांना आला आणि गेला. छायाचा गेला तो तिचा वास घेऊन.

हे नीट सांगायला पाहिजे, कारण मलाही आधी कळलं नव्हतं. मला वाटायचं, वास गेला तर गेला, जीभ तर आहे! तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर निकमबाईंनी मला समोर बसवून समजावलं. जिभेला फक्त पाच गोष्टी कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी ती सुक्या मासळीत आणि टोमॅटोत असते ती. आपण ज्याला चव म्हणतो ती बहुतेक सगळी वासाची असते. घास चावताना वास घशाच्या मागच्या बाजूनं नाकात चढतो आणि आपल्याला वाटतं, जिभेला कळलं. कांदा आणि सफरचंद यांतला फरक नाकच सांगतं. तापानं तिच्या नाकातले वासाचे तंतूच जळून गेले होते. काहींचे परत येतात, काहींचे नाही.

"मग तिला आता काय कळतं?" मी विचारलं.

"मीठ कळेल, साखर कळेल. बाकी ओला कागद चावल्यासारखं. पण अजून एक वाट शिल्लक आहे." त्यांनी गालावरून बोट फिरवलं. "चेहऱ्याची एक वेगळी नस असते, तीन फांद्यांची. मिरचीची आग, पुदिन्याचा गारवा, मोहरीचा झटका हे सगळं त्या नसेतून जातं. त्याचा वासाशी संबंध नाही. ती नस यांची ठणठणीत आहे."

ती ठणठणीत असून उपयोग काय, बाईसाहेब जेवायच्याच बंद झाल्या होत्या. अठ्ठावन्न किलोची बाई मे महिन्यापर्यंत त्रेचाळीसवर आली. स्वयंपाकघरात जायची, झाकण उचलायची, वाफेत चेहरा धरून उभी राहायची आणि झाकण परत ठेवायची. एके दिवशी तिनं गॅस बंद केला आणि म्हणाली, "आता माझ्यानं व्हायचं न्हाई. मला कळतच न्हाई मी काय करतीय." त्या दिवशी मला भीती वाटली. निकमबाईंनी सांगून ठेवलं होतं की चाळीसच्या खाली काटा गेला तर नाकातून नळी घालावी लागेल. ज्या बाईचं सगळं आयुष्य नाकावर चाललं, तिच्या त्याच नाकात नळी.

आमची मुलगी अनुजा नागपूरला असते. तिनं पेटी लावून दिली.

पेटी दर सोमवारी यायची. आत नंबर घातलेल्या पुड्या, निवडलेली भाजी, आणि फोनवर एक बाई पायरी-पायरीनं सांगायची. अशा पेट्या आता घरोघरी येतात. पण ही खास होती, जेवण सुटलेल्या माणसांसाठी. तिच्यात एक चमचा होता. दिसायला साधा, स्टीलचा, दांड्याखाली निळा ठिपका. जेवणाऱ्यानं पहिले पाच घास त्या चमच्यानं घ्यायचे आणि चमचा त्याच्या खाचेत ठेवायचा, एवढंच. त्या पाच घासांत तो लाळ किती सुटली, तिच्यात काय आहे, घास तोंडात किती वेळ फिरला, गिळायला जीव झाला की उलट आला, हे सगळं टिपायचा. त्यावरून पुढच्या सोमवारच्या पुड्या ठरायच्या. माणसाच्या तोंडात कुठली वाट उघडी आहे हे पेटी चाचपडत शोधायची, आणि हळूहळू त्याच वाटेनं जेवण आत न्यायची. अनुजा म्हणाली, "बाबा, स्वयंपाक तुम्ही करायचा. आई करणार नाही आता."

"मी?"

"मोजता येतं ना तुम्हाला? मग झालं."

पहिल्या पेटीतलं मला काही म्हणता काही ओळखू आलं नाही. काळपट मिऱ्यांसारखं काहीतरी होतं, पण फुटलेलं आणि आत पोकळ. फोनवरच्या बाईनं सांगितलं, हे तिरफळ, कोकणात मासळीच्या आमटीत घालतात. एका पुडीत पांढरट भुकटी होती, शेवग्याच्या मुळाची. शेवगा आमच्या परसात वीस वर्षं उभा आहे, त्याचं मूळ खातात हे मला ठाऊक नव्हतं. आणि एका पाकिटात हिरवंगार समुद्री शेवाळ. छाया दारातनं बघत होती. "शेवाळ्यांच्या घरात शेवाळच यायचं राहिलं होतं," ती म्हणाली. कित्येक दिवसांनी तिनं माझ्या आडनावाची थट्टा केली. मला वाटलं, पेटी वसूल झाली.

बटाट्याच्या दोन सेंटिमीटरच्या फोडी करा म्हटल्यावर मी टेप आणला. "मंद आच" म्हणजे किती ते फोनवरची बाई सांगेना, म्हणून मी बटणावर पेन्सिलीनं खुणा केल्या. तिरफळ कुटायचं नसतं, नुसतं चेचून बिया काढून टाकायच्या असतात, हे मला दोनदा कुटल्यावर कळलं. तिला माझ्यासमोरच बसवायचं ठरवून दोन ताटं वाढली. एकात वाटी मध्यभागी, लिंबाची फोड, निळ्या ठिपक्याचा चमचा, हे छायाचं. दुसरं माझं, आपलं साधंच. खानावळीचे डझनावारी घेतलेले चमचे आमच्या घरात अजून आहेत, त्यातलाच एक माझ्या ताटात. मग मी पाणी आणायला आत गेलो.

पहिला घास घेतला आणि माझ्या ओठांना मुंग्या आल्या. जीभ बधिर झाल्यासारखी. शेवग्याच्या मुळानं तर डोळ्यांतून पाणी काढलं. "कसं झालंय?" मी कसंबसं विचारलं.

"छान झालंय," समोरच्या ताटात चमचा फिरवत छाया म्हणाली.

भांडी ती घासायची. "तेवढं तरी करू द्या," म्हणायची. चमचा धुऊन खाचेत तीच ठेवायची.

दुसऱ्या पेटीत तिरफळ कमी होतं. तिसऱ्या पेटीत नव्हतंच. शेवाळ गेलं, मुळाची भुकटी गेली. त्याऐवजी काय यायला लागलं म्हणता! खमंग भाजलेला शेंगदाण्याचा कूट, धुरावर सुकवलेली वांगी, तुपात परतलेला लसूण, कसल्याशा जंगली वेलदोड्याचा भात. झाकण उचललं की घरभर घमघमाट. मीही सुधारत होतो. फोडणी जळायची थांबली, भाकरी नकाशावरच्या तलावासारखी यायची ती निदान शेतासारखी चौकोनी यायला लागली. फोनवर समाधानाचा आकडा दिसायचा, शंभरापैकी. बेचाळीसवरून तो एकसष्टवर गेला, मग अठ्ठ्याहत्तर.

आणि चौथ्या आठवड्यात निरोप आला: अभिनंदन, वासाची संवेदना परत येत असल्याची चिन्हं आहेत.

मी फोन घेऊन धावतच बाहेरच्या खोलीत गेलो. छाया कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला वाचून दाखवलं, अनुजाला फोन लावला, आणि चौकातून पेढे आणले. शेजारच्या अकराही तापकऱ्यांना वाटले. छायानं पेढा हातात घेतला, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही खूश हाय ना, मग झालं."

मला ते तिचं समाधान वाटलं. माणूस आपल्याला हवं तेच ऐकतो.

सातव्या आठवड्यात समाधान त्र्याण्णव होतं. माझा पट्टा एक भोक पुढं सरकला होता. त्या सोमवारी आम्ही दवाखान्यात गेलो आणि छाया काट्यावर उभी राहिली. एकोणचाळीस किलो चारशे.

निकमबाईंनी काटा शून्यावर आणून पुन्हा उभं केलं. तेवढंच. त्यांनी माझ्या फोनमधला आकडा बघितला, मग छायाकडे बघितलं. "मावशी, जेवता ना?"

"जेवते की," छाया म्हणाली.

"आठ दिवस देते. पुढच्या सोमवारी तुम्ही आपणहून जेवताय असं मला दिसलं नाही तर दाखल करून नळी घालायची. यापुढं मी थांबणार नाही."

रिक्षात मला राग आला होता, पण कुणावर ते कळत नव्हतं. पेटी म्हणते बाई तृप्त आहे, काटा म्हणतो बाई विरघळतेय. दोन्ही खरं कसं असेल?

आमच्या धंद्यात याला मोजणी न जुळणं म्हणतात. शेताला चारी बाजूंनी वळसा घालून निघालेल्या ठिकाणी परत आलात आणि दोन हातांचा फरक पडला, तर नवशिक्या शेवटच्या खुंटीपाशी डोकं खाजवत बसतो. मुरलेला भूमापक पहिल्या खुंटीकडे जातो. चूक कळते शेवटी, पण झालेली असते सुरुवातीलाच. मी घरी आल्या आल्या फोन उघडला आणि आजवर कधीही न वाचलेलं पान काढलं: जेवणाऱ्याची नोंद, दिवस पहिला.

घास नेहमी डाव्या गालात जातो, असं लिहिलं होतं. उजवीकडे दाढा नसाव्यात.

छायाचे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर आहेत. उजवीकडच्या दोन दाढा काढल्यात त्या माझ्या.

खाली लिहिलं होतं: झिणझिण्या आणि झटका नापसंत, घास उलट येतो. वासाला उत्तम प्रतिसाद. लाळेत सुपारीचा अंश. सुपारी मी सोडली असं छायाला सांगून सहा वर्षं झाली होती.

मी तिथंच, स्वयंपाकघरातल्या पाटावर बसलो. अनुजानं अर्जात लिहिलं होतं की वास गेलाय. पण यंत्र लिहिलेल्यापेक्षा तोंडावर विश्वास ठेवतं. सात आठवडे माझं तोंड त्याला सांगत होतं की तिरफळ नको, मूळ नको, झणका नको, तूप आणि धूर आणि वेलदोडा आण. छायाच्या तोंडात ज्या दोन-चार वाटा शिल्लक होत्या, त्या माझ्या जिभेनं एकेक करून बुजवल्या होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या बांधावरचे इंच शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या ताटातला चमचा दिसला नाही.

"छाया," मी हाक मारली. "मी पाणी आणायला आत गेलो की तू ताटं बदलायचीस?"

ती दारात उभी राहिली. खोटं बोलली नाही. "चांगलं मांडलेलं ताट तुमच्याकडं सरकवायची. त्यात काय एवढं? आधी जेवणाऱ्याला द्यायचं असतंय."

"जेवणारी तू होतीस!"

"मी कधी आधी जेवलीय का? घास उतरत न्हाई माझा कुणी उपाशी असलं की."

"आणि चमचा? तो तुझ्यासाठी होता हे माहीत होतं ना तुला?"

"पयल्यांदा न्हाई. मला वाटलं, पेटीसंगं आलेला असाच एक चमचा. मग तुम्ही ते अभिनंदन घेऊन आला तवा कळलं." तिनं पदरानं हात पुसला, हात कोरडाच होता. "पेढे घेऊन आला तुम्ही. चाळीस वर्षांत तुमाला एवढं हसताना बघितलं न्हवतं. तुम्ही रांधायचा, दारातनं मान काढून विचारायचा, कसं झालंय. मला काय कळत न्हवतं ओ. सगळं एकसारखं. मग मी काय म्हणायचं? रांधणाऱ्याला काय वाटतंय ते मला म्हाईत हाय. ताट तसंच परत आलं की कसं होतंय, ते मला म्हाईत हाय."

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं आणि रडूच आलं. "छाया, तुझ्या नाकात नळी घालणार आहेत," एवढंच म्हणालो.

ती माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "आणि ती सुपारी?"

"तुला माहीत होतं?"

"वास होता तवा रोज यायचा की."

त्या दुपारी अनुजाच्या मदतीनं मी पेटीतली सगळी जुनी नोंद पुसून पाटी कोरी केली. नवी पेटी यायला आठवडा लागणार होता, पण पहिल्या पेटीतलं उरलेलं मी बरणीत टाकून ठेवलं होतं: मूठभर तिरफळ, थोडी मुळाची भुकटी. मूळ तर परसातनंच खणून काढता आलं असतं. राहिला प्रश्न छायाला आधी बसवायचा. तिला बसवणं म्हणजे देवळाची पायरी हलवणं. दोन दिवस मी समजावलं, चिडलो, ताट पुढं ढकललं, तिनं परत ढकललं. एका वेळेला तर चमचाच खाली पडला.

बुधवारी माझ्या डोक्यात आलं की नियम तिचा आहे तर नियमानंच जाऊ.

गुरुवारी अकरालाच मी कालचा भात आणि ताक घेऊन बसलो, तिच्या डोळ्यांसमोर पोटभर जेवलो. हात धुतले. ताट पालथं घातलं. मग पुसायचं फडकं घेऊन सगळी बैठक पुसून काढली, खानावळ बंद करताना ती काढायची तशी. आणि मग आमटी केली. तुरीची डाळ, चिंच, तिरफळ चेचून बिया काढलेलं, शेवटी मुळाची भुकटी. एकच ताट वाढलं. एकच चमचा ठेवला, ठिपका वर करून, मला दिसेल असा.

"काय चाललंय हे?" छाया म्हणाली.

"खानावळीत आता कुणी राहिलं नाही. शेवटचा माणूस हात धुऊन उठलाय. आता मालकिणीनं बसायचं."

तिनं पालथ्या ताटाकडे बघितलं. ओल्या बैठकीकडे बघितलं. मग पदर खोचला आणि बसली.

मी समोर भिंतीला टेकून बसलो. पूर्वी दोन भाऊ बांधासाठी कोयते घेऊन उभे असताना मी साखळी धरली होती, तेव्हाही मी एवढा घाबरलो नव्हतो.

पहिला घास. ती चावत राहिली, चेहऱ्यावर काही नाही. दुसरा. तेच. फोन माझ्या मांडीवर होता, त्यावर घासागणिक बदलणारा आकडा उमटला: चार. शंभरापैकी चार. मी फोन पालथा घातला. तिसरा घास तिनं पाण्याबरोबर गिळला आणि चमचा ठेवतेय असं वाटलं.

"खोटं बोलू नकोस," मी म्हणालो. "काही कळलं नाही तर तसं सांग. मला चालेल."

"काय कळत न्हाई," ती म्हणाली. ताटावर बसून तिनं हे सात महिन्यांत पहिल्यांदा म्हटलं होतं. "मातीगत हाय सगळं."

"बरं. चालेल."

चौथा घास मात्र तिनं जिभेवर धरून ठेवला. तिरफळाचं नंतर मी निकमबाईंना विचारलं. त्यातला एक अंश जिभेतल्या स्पर्शाच्या तंतूंना फसवतो, त्यांना वाटतं कुणीतरी सेकंदाला पन्नासेक वेळा थरथरवतंय. ती चव नसते आणि वासही नसतो, नुसता स्पर्श असतो. छायाला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं डाव्या हाताचं बोट ओठावर ठेवलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "ओठावर काय तरी चालतंय."

मी जागचा हललोसुद्धा नाही.

तिनं पाचवा घास घेतला, मोठा. मुळाचा झणका तिच्या नाकाच्या मुळाशी चढला असणार, कारण तिनं डोळे मिटले आणि दोन्ही गालांवरून पाणी आलं. मग डोळे उघडले ते सरळ माझ्याकडे, आणि कपाळाला आठी. ती आठी मी ओळखतो. खानावळीतल्या आचाऱ्यानं डाळ करपवली की ती पडायची.

"मीठ किती टाकलंय ओ ह्यात? माणसांनी खायचंय का लोणचं घालायचंय?"

सात आठवडे माझ्या प्रत्येक आमटीला ती छान म्हणाली होती. तेव्हा मला जे सुख झालं ते या एका वाक्यापुढं काहीच नव्हतं. मी हसत होतो आणि नाक पुसत होतो.

"हसताय काय? पाणी आणा उकळलेलं अर्धी वाटी. आणि चिंच हाय का अजून?"

मी आणलं. तिनं वाटीत पाणी ओतलं, चिंच कुस्करली, चमच्यानं ढवळलं. पेटीला लागणारे पाच घास झाले होते. मी मोजत होतो, ती सवय जात नाही. आता चमचा खाचेत ठेवायचा होता.

छायानं तो वाटीत बुडवला आणि सहावा घास घेतला.